रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंय

रात्री कॅज्युअल्टीत पोटदुखीचा पेशंट आला की आधी मी तो कसा पडलाय ते बघते. वजन कमी करायला गॅस्ट्रिक बायपास झालेल्या माणसाच्या आतड्याला पीळ बसत असेल तर तो सहसा उताणा झोपू शकत नाही. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडतो, नाहीतर पलंगाच्या कडेला ओणवा होऊन बसतो. कळ बेंबीच्या वर, बहुधा डावीकडे, कधी थेट पाठीत जाते. जेवण झालं की सुरू होते, थोड्या वेळाने आपोआप जाते. गेल्या महिन्यातही आली होती, त्याच्या आधीही. प्रत्येक वेळी ओवा, हिंग, अॅसिडिटीची गोळी. "गॅस धरलाय, मॅडम," असं सांगत लोक येतात आणि बऱ्याचदा गॅसचंच इंजेक्शन घेऊन परत जातात.

"ऑपरेशन झालंय का काही?" या प्रश्नाला दर वेळी खरं उत्तर मिळतंच असं नाही. वजनाचं ऑपरेशन लोक लपवतात. ऑफिसात 'डाएट केलं' म्हणून सांगितलेलं असतं, सासरी तर पत्ताच नसतो. म्हणून शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंना मी म्हणते, "काकू, तेवढा केसपेपर काढून आणता?" त्या वळल्या की कुर्ता जरा वर घ्यायचा. पोटावर चार-पाच ठिकाणी सेंटिमीटरभराचे पुसट व्रण दिसतात. मग पुढचा प्रश्न: स्लीव्ह की बायपास? "पोट लहान केलंय," एवढंच पुष्कळांना माहीत असतं. पण आम्हाला तो फरक कळावाच लागतो. स्लीव्हमध्ये फक्त जठर उभं कापतात, आतड्याला हात लागत नाही. बायपासमध्ये आतड्याची सगळी वाटच बदलते.

जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिली मावेल एवढी पिशवी वेगळी काढतात. मग लहान आतडं सुरुवातीपासून काही अंतरावर कापून त्याचं खालचं टोक वर ओढून त्या पिशवीला जोडतात. अन्न या वाटेने उतरतं. बाजूला पडलेलं जठर, यकृत आणि स्वादुपिंड यांचे रस दुसऱ्या वाटेने येतात आणि मीटर-दीड मीटर खाली अन्नाला भेटतात. ही जोडणी स्विस सर्जन सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाते. लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला तो अमेरिकेत आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी, १९६०च्या दशकात.

आतडं पोटात मोकळं नसतं. मेसेंटरी नावाच्या पातळ पदराने ते पाठीमागच्या भिंतीला धरलेलं असतं. नऊवारीच्या निऱ्यांसारखी त्याची रचना आहे: खालचा घेर कित्येक मीटरचा आणि खोचलेला भाग वीतभर. याच पदरातून रक्तवाहिन्या जातात. आतडं वर ओढलं की त्याच्या पदरामागे एक फट राहते. जर्मन सर्जन वाल्टर पीटरसन यांनी १९०० साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती पीटरसनची फट. खालच्या जोडापाशी दुसरी राहते. बहुतेक सर्जन आज दोन्ही शिवून घेतात. पण तीस-चाळीस किलो वजन उतरतं तेव्हा या पदरातली चरबीही वितळते, टाके सैल पडतात, फट पुन्हा उघडते आणि आतडं तीत घुसून पिळतं. म्हणून हा त्रास ऑपरेशननंतर लगेच नाही, तर बहुधा वर्ष-दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा येतो. तोवर मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात, कपडे नवे शिवलेले असतात, आणि ऑपरेशनचा या दुखण्याशी संबंध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही.

स्वीडनमधल्या १२ केंद्रांत २,५०७ रुग्णांवर फटी शिवण्याचा अभ्यास झाला. तो २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. फटी न शिवलेल्या गटात तीन वर्षांत आतड्याच्या अडथळ्यासाठी पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण १०.२ टक्के होतं, शिवलेल्या गटात ५.५ टक्के. म्हणजे धोका निम्म्यावर आला, संपला नाही. शिवण्यालाही किंमत होती: काहींच्या खालच्या जोडाला सुरुवातीच्या दिवसांत घडी पडली.

आतडं अडल्याची नेहमीची लक्षणं एमबीबीएसच्या पोरांनाही पाठ असतात: हिरवी उलटी, फुगलेलं पोट, संडास-गॅस बंद, एक्स-रेत पायऱ्यापायऱ्यांनी दिसणारं पाणी आणि हवा. बायपासवाल्या पोटात यातलं एकही नसू शकतं. पिशवीच एवढीशी, त्यामुळे उलटीत फेसाखेरीज फारसं काही पडत नाही, नुसत्या कोरड्या ओकाऱ्या येतात. अडथळा रसाच्या वाटेवर असेल तर उलटी होतच नाही. बाजूला पडलेलं जठर आतल्या आत तट्ट फुगत जातं आणि नाकातून घातलेली नळी तिथपर्यंत पोहोचत नाही. संडासही होत असते. पोट हाताला मऊ लागतं, पांढऱ्या पेशी नॉर्मल येतात. अशा वेळी मी दोनच गोष्टींवर विश्वास ठेवते: इंजेक्शन देऊनही न थांबणारी कळ आणि वाढत जाणारी नाडी.

त्यानंतर सीटी स्कॅन. पदर पिळला असेल तर त्यातल्या रक्तवाहिन्या गोल फिरलेल्या दिसतात. पण बायपासची रचना ओळखीची नसलेल्या डोळ्यांना ते सुटतं, आणि दोन कळांच्या मध्ये आतडं जागेवर परत गेलेलं असेल तर स्कॅन साफ येतो. इथे सगळ्यांत अवघड काम सुरू होतं. ते म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला समजावणं.

"रिपोर्टमध्ये काही नाही म्हणताय, मग ऑपरेशन कशाला?"

"दुर्बीण घालून बघू, दादा. काही नसलं तर फटी शिवून बाहेर येऊ. पण पीळ असला आणि आपण सकाळपर्यंत थांबलो, तर आतडं काळं पडेल."

दुर्बीण आत गेली की कधीकधी आतड्याआधी दुधासारखं पांढरट पाणी दिसतं. पीळ बसला की पातळ भिंतीच्या लसीकावाहिन्या आधी दबतात, त्यातला स्निग्ध रस बाहेर झिरपतो. धमन्या अजून चालू असतात. म्हणजे आपण वेळेत आलोय. समोर फुगलेल्या वेटोळ्यांचा ढीग असतो आणि त्यातलंच एखादं ओढून बघायचा मोह होतो. तो टाळायचा. अॅपेंडिक्सच्या कोपऱ्यात जायचं, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं. पोटात हमखास सापडणारी पक्की खूण तीच. तिथलं आतडं रिकामं, चपटं असतं. दोन चिमट्यांनी हातावर हात टाकत तिथून उलटं वर यायचं. थोड्या वेळाने चिमट्यातलं आतडं फटीपलीकडून येऊ लागतं आणि वेटोळी एकेक करून सुटतात. मग कोमट सलाईन सोडून थांबायचं. जांभळा रंग गुलाबी होतो का, आतडं आपणहून हलतं का, पदरात ठोके दिसतात का? शंका असेल तर शिरेतून आयसीजी नावाचा रंग देतात. खास कॅमेऱ्यात रक्त पोहोचलेला भाग हिरवा उजळतो. जिथे उजळत नाही तिथे कापावं लागतं. फार लांबी गेली तर उरलेल्या आतड्यावर पोषण भागत नाही, शिरेतून द्यावं लागतं. काही तासांच्या दिरंगाईची किंमत एवढी असू शकते. शेवटी दोन्ही फटी न विरघळणाऱ्या धाग्याने शिवायच्या.

आतडं न कापता सुटलेला पेशंट दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालतो. हातात श्वास ओढायचं तीन चेंडूंचं यंत्र आणि राउंडला एकच प्रश्न: "गॅस गेला का?" एरवी चारचौघांत न बोलायची ही गोष्ट इथे सगळे आनंदाने जाहीर करतात. मग घोटघोट पाणी, ताकाची निवळ, गाळलेलं वरण, आणि हळूहळू प्रथिनं. अनेक दिवस उलट्या झालेल्या माणसाला ग्लुकोजच्या सलाईनआधी बी-१ जीवनसत्त्व द्यायचं, नाहीतर मेंदूला इजा होऊन तोल जाणं, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं असे त्रास कायमचे मागे लागू शकतात. डायक्लोफिनॅक, ब्रुफेन कायमची बंद, कारण जठराच्या पिशवीच्या जोडावर त्यांनी अल्सर होतो.

अंगाची ताकद भरून यायला काही आठवडे पुरतात. मनातली भीती जास्त टिकते. पोटात जरा गुरगुरलं की माणूस दचकतो. त्यांना मी सांगते, गुरगुर होऊन गॅस सरला की संपलं. पण जेवणानंतर पुन्हा पुन्हा येणारी, पाठीत जाणारी, आडवं होऊ न देणारी कळ आली तर लगेच निघायचं. गरोदरपणात तर अजिबात थांबायचं नाही. वाढणारं गर्भाशय आतडी वर ढकलतं, तेव्हा हा धोका वाढतो, आणि दुखणं गरोदरपणाच्या खात्यावर मांडलं जातं. पीळच असेल असंही नाही. जुने चिकटे, दुर्बिणीच्या छिद्रातला हर्निया, नीट न चावलेल्या संत्र्याचा चोथा, यांनीही आतडं अडतं. पण ते ठरवायचं काम घरी ओवा चावत करायचं नाही.

ऑपरेशन पुण्या-मुंबईत झालेलं असतं आणि कळ येते ती बार्शीला, उदगीरला. तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: "माझा गॅस्ट्रिक बायपास झालाय." कोणत्या प्रकारचा, कोणत्या साली, फटी शिवल्या होत्या का, हे लिहिलेल्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायचा. आणि कुणापासून लपवायचं असेल ते लपवा, पण घरातल्या निदान एका माणसाला हे ठाऊक हवं. कळ भरात असते तेव्हा पेशंटला धड बोलता येत नाही, आणि केसपेपर काढायला गेलेल्या माणसाला काहीच माहीत नसतं.