संकोची माणसांस चार सूचना

लग्नाच्या मांडवांत कांहीं मंडळी खांबाला टेकून अशा निष्ठेनें उभी असतात, कीं खांबच त्यांच्या आधारानें उभा आहे असें पाहणारास वाटावें! अशा संकोची माणसांस लोक गर्विष्ठ समजतात, ही खरी दुःखाची गोष्ट होय. त्यांच्यासाठीं आमच्या या सूचना.

पहिली: समारंभास थोडें लवकर जावें. माणसें चार असतात तोंवर ओळख सोपी; चारशें जमल्यावर दार शोधण्याकडेच लक्ष लागतें. दुसरी: हातीं कांहीं काम मागून घ्यावें. पंगतींत मीठ वाढणारास प्रत्येकाशीं बोलावें लागतें, परंतु ‘वाढूं?’ एवढा एकच शब्द पुरतो. तिसरी: समोरच्यास प्रश्न विचारावा. मुलगा कोठें शिकतो, गुडघा कसा आहे, इतकें विचारलें कीं पुढील अर्धा तास आपणांस केवळ मान डोलवावयाची असते; आणि ऐकणारा माणूस सर्वांनाच प्रिय असतो.

चौथी: एवढ्यानेंही धीर न आल्यास गांधीजींचें स्मरण करावें. १८९१ सालीं लंडन सोडतांना त्यांनीं शाकाहारी मित्रांस भोजन दिलें. योजिलेलें भाषण पहिल्या वाक्यापलीकडे सरकेना, तेव्हां आभार मानून ते खालीं बसले. याच संकोचानें आपणांस शब्द जपून वापरावयास शिकविलें, असें त्यांनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे.

घरांतील वडील मंडळींस मात्र एक विनंती: पाहुण्यांसमोर ‘आमचा हा बोलतच नाहीं हो!’ असें म्हणूं नये. तें ऐकून कोणी बोलूं लागल्याचें आजवर आमच्या पाहण्यांत नाहीं.