चर्च म्हणजे मंडळी

नाताळ आला म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील जुने चर्च दिव्यांनी उजळते, आणि रस्त्याने जाणाऱ्या भाविक हिंदूच्या मनात सहज येते की, हे ख्रिस्ती लोकांचे देऊळ. ही समजूत चुकीची नाही; परंतु ती अर्धीच आहे. आपल्या देवळात मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झालेली असते. गावातील एकही माणूस दर्शनास आला नाही, तरी देव तेथे असतो व त्याची त्रिकाळ पूजा चुकत नाही. चर्चचे तसे नाही. रोमन कॅथलिक पंथात अभिमंत्रित भाकर पेटिकेत जपून ठेवतात व तिच्याजवळ दिवा तेवत असतो, म्हणून त्यांच्या वास्तूला स्वतःचे पावित्र्य असते. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या दृष्टीने मात्र उपासक उठून गेले की उरते ती केवळ इमारत. मग चर्च कोणते? तर उठून गेले ते.

मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ असा आहे. त्याचा अर्थ बोलावून एकत्र आणलेल्या लोकांची सभा. मराठी बायबलात त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द योजला आहे, आणि तो फार मार्मिक आहे. आपल्याकडे ‘आमची मंडळी’ म्हटले की घरचे माणूस डोळ्यांपुढे येते. तो घरगुतीपणा या शब्दाबरोबर आपोआपच आला. प्रॉटेस्टंटांच्या मंडळीचा सांभाळ पाळक करतो. कॅथलिकांत तिला धर्मग्राम म्हणतात व तेथे धर्मगुरू असतात.

येथे एक प्रश्न कोणाही भाविकास पडेल. ईश्वर सर्वत्र आहे, तर घरच्या देवघरापुढे बसून केलेली प्रार्थना त्याला का पोचू नये? ख्रिस्ती धर्म तिचा निषेध करीत नाही. त्याचे म्हणणे इतकेच की, एकमेकांवर प्रीती करा ही येशूची आज्ञा एकट्याने पाळता येत नाही. त्यासाठी शेजारी माणूस लागतो, आणि तोही आपण निवडलेला नव्हे, तर रविवारी आपल्या बाकावर येऊन बसेल तो. वारकरी नामस्मरण घरीही करतोच. परंतु पंढरीच्या वाटेवर तो दिंडीत चालतो, आणि पालखीच्या सोहळ्यात त्या दिंडीचे स्थान ठरलेले असते. स्थानिक मंडळीचे महत्त्व काहीसे असेच आहे. मुलाचा बाप्तिस्मा, लग्न, आजाऱ्याची विचारपूस, मृताला मूठमाती या साऱ्यांत ती सोबत असते.

या मंडळीची खरी कसोटी मात्र पंक्तीला लागते. संत पौलाने आपली बरीचशी पत्रे रोम, करिंथ, फिलिप्पै अशा एकेका नगरातील मंडळीस लिहिली. करिंथच्या लोकांना त्याने खडसावले, कारण प्रभूच्या भोजनास जमल्यावर सधन लोक आधीच जेवून घेत व गरीब उपाशी राहत. अशा जेवणाला प्रभूचे भोजन म्हणण्यास तो तयार नव्हता. पैठणच्या परिसरातील वाचकांस हे नवे वाटू नये. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना जेवू घातले म्हणून नाथमहाराजांवर ब्रह्मवृंद रुष्ट झाल्याची कथा येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

शेजारच्या नगर जिल्ह्यात हाच प्रश्न एका ब्राह्मण घरात उभा राहिला. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परतल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. जातिभेद माणसांनी केला, देवाने नव्हे, असे त्यांच्या मनाने आधी घेतले. ख्रिस्ती त्या नंतर झाल्या. ‘स्मृतिचित्रे’त हा क्रम त्यांनी विलक्षण प्रांजळपणे सांगितला आहे. टिळकांची खंत निराळी होती. मंडळी मराठी, पण तिचा कारभार परदेशी मिशनऱ्यांच्या हाती आणि गाण्याच्या चाली विलायती! त्यांनी उपासनेत भजन व कीर्तन आणले, आणि अखेरीस, 1917 साली, मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ हा आपला बंधुसंघ काढला.

निजामाच्या राज्यातील औरंगाबादेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंडळीचा भार वाहिला तो रतनजी नौरोजी या जन्माने पारशी असलेल्या धर्मोपदेशकाने. पुढे 1970 साली नागपुरास सहा प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 साली निर्माण झाला. पंथांची ही जुळवाजुळव तुलनेने सोपी म्हणावी लागेल. जात अधिक चिवट ठरली. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांनी 2016 साली दलितांविषयीचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमध्येही जातिभेद आहे हे त्यांना उघडपणे मान्य करावे लागले. करिंथला लिहिलेले पत्र आजही मंडळीत वाचले जाते, ते काही उगाच नव्हे.

नाताळच्या उपासनेस अन्य धर्मीयांनी येऊन बसण्यास सहसा आडकाठी नसते. प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षारस मात्र सामान्यतः बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतो, हे पाहुण्याने ध्यानी ठेवावे. घरोघरच्या करंज्या व शंकरपाळे यांना असा नियम नाही.