इशारा चुकला, की आपण तो चुकीचा वाचला?

जून २०२० च्या आरंभी भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पत्रकांत असे नमूद होते की, अरबी समुद्रातील वादळ ३ जून रोजी हरिहरेश्वर ते दमण यांदरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडील. त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. मुंबईत मात्र थोडक्यात निभावले आणि 'एवढा गाजावाजा कशासाठी?' असा सूर निघाला. न्हावा शेवा, उरण, करंजा येथील बांधव भौगोलिकदृष्ट्या या दोन अनुभवांच्या मध्ये राहतात. म्हणून हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ चर्चेचा नाही.

हरिहरेश्वर ते दमण हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे आहे. इतका विस्तृत पट्टा सांगणे म्हणजे अज्ञान नव्हे, तो प्रामाणिकपणा होय. चोवीस तास आधी वादळाच्या केंद्राचे स्थान सांगताना आजही सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटरचा फरक पडू शकतो. अलिबागहून श्रीवर्धन सरळ रेषेत जवळपास तितकेच दूर आहे! त्यामुळे 'अलिबागजवळ' या शब्दाचा अर्थ 'अलिबागच्या बंदरावर' असा घेता येत नाही.

वादळ कोठे धडकणार एवढेच पाहणेही धोक्याचे ठरते. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे गेले. त्याचे केंद्र महाराष्ट्राच्या भूमीला शिवलेही नाही. तरी कुलाबा येथे वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचला आणि मुंबई हाय परिसरात 'पी-३०५' हा तराफा बुडून अनेक कामगारांना जलसमाधी मिळाली. पत्रकात 'गुजरात' हा शब्द वाचून निश्चिंत होणाऱ्याने 'समुद्र खवळलेला राहील' हे वाक्य वाचलेलेच नसते.

सर्वाधिक गैरसमज 'तुरळक' या शब्दाने होतो. 'तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस' असे वाचून अनेक जण पाऊस तुरळक पडेल असे समजतात. वस्तुतः 'तुरळक' हे विशेषण पावसाचे नाही, ठिकाणांचे आहे. त्या विभागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर असा पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ. 'मुसळधार' म्हणजे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. २०४.५ मिलिमीटरपासून पुढे 'अत्यंत मुसळधार'. ज्याच्या अंगणात तो कोसळतो, त्याच्या दृष्टीने तो तुरळक नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाब्याला केवळ ७३!

मग इशारा खरा ठरला की खोटा, हे ठरवावे कसे? एका दिवसावरून ते ठरत नाही. 'दाट शक्यता' असे सांगितलेल्या दहा दिवसांपैकी सहा-सात दिवशी तसे घडले, तर तो शब्द योग्यच वापरला गेला. उरलेले तीन-चार दिवस खात्याची फजिती म्हणून मोजू नयेत. पश्चिमेला ढग दिसताच पाऊस येणार हे ओळखणाऱ्या लोकांचा उल्लेख प्रभू येशूने केला आहे (लूक १२:५४). त्यांचेही अंदाज कधीमधी चुकत असतीलच. मात्र होडी किनाऱ्याला ठेवून बसलेल्या कोळी बांधवाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो, हेही विसरून चालणार नाही. फुकट गेलेल्या इशाऱ्याची किंमत तोच मोजतो.

रंगांच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवावे : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. धर्मग्रामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पत्रक पुढे पाठवताना त्यावरील तारीख व वेळ कापली जाणार नाही, याची काळजी घ्यावी. कालचा लाल रंग आज फिरत राहिला तर उद्याच्या खऱ्या इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

बंदरावरील बावट्याविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. एक व दोन क्रमांक दूरच्या समुद्राविषयी असतात. तीन नंबरचा बावटा लागला की प्रत्यक्ष बंदराला वादळी वाऱ्याचा धोका असतो. पाच, सहा व सात यांत मात्र धोका चढत जात नाही. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाईल, की बंदरावरूनच जाईल, हे ते आकडे सांगतात. आठ, नऊ व दहा हेही तसेच, फक्त वादळ अधिक तीव्र असते. शेवटचा अकरा नंबर तर वादळाचे मापच नव्हे. इशारा केंद्राशी संपर्क तुटला असून हवामान बिघडण्याचा धोका आहे असे स्थानिक अधिकाऱ्याला वाटते, इतकाच त्याचा अर्थ आहे.