संकेतस्थळ नव्या ठिकाणी न्यायचे का? आधी चावी कोणाकडे आहे ते पाहा

गेल्या वर्षी वर्षावासात रविवारची वंदना आटोपल्यावर आमच्या गटाची बैठक विहारातच बसली. विषय एकच होता: आपले संकेतस्थळ ब्लॉगरवरून उचलून वर्डप्रेसवर न्यायचे का? तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. साइट जुनाट दिसते, मोबाईलवर नीट वाचता येत नाही, बातम्या आणि लेख वेगळे लावता येत नाहीत. मीही हलवण्याच्या बाजूने हात वर केला.

मग कोणीतरी साधा प्रश्न विचारला, "पासवर्ड कोणाकडे आहे?" आणि खोलीत शांतता पसरली.

दहा-अकरा वर्षांपूर्वी एका दादाने स्वतःच्या ईमेलवरून ही साइट सुरू केली होती. पुढे नोकरीसाठी तो दुसऱ्या शहरात गेला, त्याचा फोन नंबर बदलला आणि तो ईमेल त्याने वापरणेही सोडले. आम्ही लेख टाकत होतो ते लेखक म्हणून मिळालेल्या परवानगीवर. घर आमचे वाटत होते, पण आम्ही त्यात पाहुणे होतो. दादाचा पत्ता लागायला आणि खाते पुन्हा उघडायला दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात जे शिकलो ते इथे लिहितो आहे, कारण आपल्या बहुतेक मंडळांची आणि गटांची गत याहून वेगळी नाही.

हा तांत्रिक प्रश्न नाही

प्लॅटफॉर्म म्हणजे भाड्याची खोली. ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झाले आणि २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतले. मालक बदलला, नियम बदलले. काही ठिकाणी तर खोलीच पाडली जाते. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. ऑर्कुटवर आपल्या मुलांनी केलेल्या चर्चा, टाकलेले फोटो आज किती जणांकडे आहेत? अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केले, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता'. ४ फेब्रुवारी १९५६ ला 'जनता'चेच 'प्रबुद्ध भारत' झाले. पत्रांची नावे बदलली, काही बंद पडली, तरी कोणीतरी अंक जपून ठेवले म्हणून आज आपण ते वाचू शकतो. छापील अंक कोणाच्या तरी ट्रंकेत सापडतो. बंद पडलेली वेबसाइट अशी सापडत नाही. म्हणून हलवायचे की नाही हे ठरवताना नवी जागा किती देखणी आहे हे शेवटी पाहावे. त्याआधी पाच प्रश्न आहेत.

१. चावी कोणाकडे आहे?

खाते एका व्यक्तीच्या ईमेलवर असेल तर साइट संस्थेची नाही, त्या व्यक्तीची आहे. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते हटवले जाऊ शकते. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. ब्लॉगर असो वा वर्डप्रेस, दोन्हीकडे एकापेक्षा जास्त जणांना पूर्ण अधिकार देता येतात. किमान तिघांना द्या आणि त्यात एक तरी महिला कार्यकर्ती असू द्या. आपल्याकडे लेख लिहायला बहिणी असतात, चावी मात्र भावांकडे राहते. हेही तपासायला हवे.

२. पत्ता आपला आहे का?

पत्त्यात 'ब्लॉगस्पॉट' असेल तर तो पत्ता कंपनीचा आहे. स्वतःचे डोमेन घेतले की खोली बदलली तरी पत्ता तोच राहतो. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. जयंतीच्या वर्गणीतून सहज निघेल एवढाच. मात्र ते डोमेन दरवर्षी भरावे लागते. मुदत संपून गेली तर काही काळाने ते नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग आपल्या नावाच्या पत्त्यावर काय दिसेल ते आपल्या हातात नसते. भरण्याची तारीख विहाराच्या वहीत लिहून ठेवा.

आपल्यापैकी अनेकांना हे माहीत नसते की ब्लॉगरवर राहूनही स्वतःचे डोमेन जोडता येते. म्हणजे पत्ता आपला करून घेण्यासाठी घर बदलावेच लागते असे नाही.

३. सामान बाहेर काढता येते का?

नव्या ठिकाणी जाण्याआधी तिथून निघता येईल का ते पाहा. ब्लॉगरवरून सगळा मजकूर एका फाईलमध्ये उतरवून घेता येतो आणि वर्डप्रेसमध्ये ती फाईल वाचणारे साधन आहे. पण एक मेख आहे. मजकूर येतो, फोटो त्या फाईलमध्ये नसतात. नव्या साइटवर फोटो दिसतात म्हणून आपण निर्धास्त होतो, प्रत्यक्षात ते अजून जुन्याच सर्व्हरवरून येत असतात. जुने खाते बंद केले की मोर्चाचे, धम्म परिषदेचे, धम्मदीक्षा सोहळ्याचे सगळे फोटो एका दिवसात गायब. फोटो वेगळे उतरवून नव्या जागी चढवावे लागतात.

वर्डप्रेस आणि घोस्ट ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, म्हणजे एका होस्टिंगवाल्याकडून दुसऱ्याकडे जाता येते. सबस्टॅकवरून लेख आणि वाचकांची यादी बाहेर काढता येते, पण वाचकांकडून पैसे घेतले तर त्यातले १० टक्के ते ठेवतात. काही तयार साइट बनवून देणाऱ्या सेवांमधून मात्र आपली साइट जशीच्या तशी उचलून नेता येत नाही. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

४. जुने दुवे जिवंत राहतील का?

माझ्या मते सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. एका अत्याचार प्रकरणातला आमचा सत्यशोधन अहवाल साइटवर आहे. त्याचा दुवा आम्ही निवेदनांत दिला, इतरांनी आपल्या लेखांत दिला, शेकडो व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तो फिरला. साइट हलवली आणि पत्ता बदलला तर त्या प्रत्येक ठिकाणी 'पान सापडले नाही' असे दिसेल. अहवाल असूनही नसल्यासारखा होईल.

यावर उपाय आहे. जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवता येते. पोस्टमन घर बदललेल्या माणसाचे पत्र नव्या घरी नेतो, तसेच. ब्लॉगरला स्वतःचे डोमेन जोडले की जुना ब्लॉगस्पॉट पत्ता वाचकाला तिकडे वळवतो. नंतर साइट दुसरीकडे नेली तर मध्ये 'पुढे जायचे का' अशी विचारणा येऊ शकते, पण वाट बंद होत नाही. अट एकच, जुना ब्लॉग हटवायचा नाही. आणि नव्या जागी लेखांच्या पत्त्यांची रचना जुनीच ठेवायची. वर्डप्रेसमध्ये ती ठरवता येते.

मराठी साइटची आणखी एक अडचण आहे. ब्लॉगर देवनागरी शीर्षकातून पत्ता तयार करत नाही, म्हणून आपल्या लेखांचे पत्ते एकसारखे, शेवटी नुसता आकडा असलेले दिसतात. वर्डप्रेस देवनागरी पत्ता घेते, पण तो दुसऱ्याला पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. शिवाय मर्यादा २०० चिन्हांची आणि एका देवनागरी अक्षराला किंवा मात्रेला नऊ चिन्हे लागतात. म्हणजे बावीस अक्षर-मात्रांनंतर पत्ता तुटतो. नव्या लेखांसाठी रोमन लिपीत छोटा पत्ता स्वतः लिहिण्याची सवय लावलेली बरी.

५. तीन वर्षांनी झाडलोट कोण करणार?

ब्लॉगरवर सुरक्षेची काळजी गूगल घेते. स्वतःच्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसमध्ये ती आपण घ्यायची असते. मूळ सॉफ्टवेअर, थीम, प्लगइन वेळच्या वेळी अद्ययावत केले नाहीत तर साइट हॅक होते आणि आपल्या पानांवर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला वाचक एकदम वाढतात. त्या दिवशी स्वस्त होस्टिंग नेमके कोलमडते. उत्साहात साइट बांधणारा कार्यकर्ता पुढे नोकरी-संसारात जातो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. काम एकाच्या खांद्यावर ठेवणारी आपली पद्धत बदलायला हवी. महिन्यातून दोन तास देणारे दोघे जण नक्की नसतील तर हलवू नका.

हलवताना काय मागे ठेवायचे

घर बदलताना माळ्यावरचे सामान खाली येते, तसे जुने लेख डोळ्यांखालून जातात. आमच्या जुन्या काही बातम्यांत लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीची ओळख पटेल असे तपशील होते. कायद्याने ते छापता येत नाहीत. आधी भारतीय दंड संहितेचे कलम २२८ अ होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ आहे. अल्पवयीन मुलांसाठी पॉक्सोचे कलम २३ आहे. न्यायासाठी लढताना आपल्याच बहिणीला पुन्हा जखम होऊ नये. ते तपशील आम्ही नव्या जागेची वाट न पाहता आधी काढले.

काही जुनी पत्रके श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये होती. ती साइटवर टाकली की अक्षरांचा काला होतो आणि शोधताही येत नाहीत. युनिकोडमध्ये बदलून, एकदा शुद्धलेखन वाचून मगच ती चढवायला हवीत.

आम्ही काय ठरवले

शेवटी आम्ही लगेच हलवले नाही. आधी तिघांना पूर्ण अधिकार दिले. मग गटाच्या नावाने डोमेन घेऊन जुन्याच साइटला जोडले. सगळा मजकूर आणि फोटो दोन हार्ड डिस्कवर उतरवले, एक विहारात आणि एक कार्यकर्तीच्या घरी. महत्त्वाची पाने इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन केली, ते फुकट आहे. आता वीस लेख वर्डप्रेसवर नेऊन चाचणी चालू आहे. दुवे, फोटो, मोबाईलवरचे वाचन सगळे ठीक वाटले तर पुढचे पाऊल, आणि तेही १४ एप्रिलची धामधूम संपल्यावर. चाचणीत दोन तास देणारे दोघे टिकले नाहीत तर जुन्याच जागेचा साचा बदलून तिथेच राहू.

मित्रांनो, तुमच्या मंडळाची साइट, पेज किंवा चॅनल असेल तर नव्या प्लॅटफॉर्मची चर्चा नंतर करा. या रविवारी वंदना झाल्यावर एवढेच विचारा: चावी कोणाकडे आहे, आणि आपल्याकडे प्रत आहे का? दोन्ही उत्तरे हातात आली की कुठे राहायचे ते शांतपणे ठरवता येते. तोपर्यंत मात्र आपला लिहिलेला इतिहास कोणाच्या तरी मर्जीवर आहे हे लक्षात ठेवा.

जय भीम!