शेतकरी झोपतो तेव्हा

येशूने सांगितलेल्या दाखल्यांपैकी एक छोटासा दाखला फक्त मार्कच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात सापडतो. शेतकरी बी टाकतो आणि आपल्या रोजच्या झोपण्या-उठण्याला लागतो. कोंब फुटतो, कणीस धरते, दाणा भरतो. हे कसे घडते, याचा त्याला पत्ता नसतो. विळा लावण्यापुरताच तो पुन्हा कथेत येतो. मत्तय आणि लूक यांनी मार्कचा बराचसा मजकूर घेतला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हा दाखला मात्र दोघांकडेही नाही. माझा आपला अंदाज असा, की यात माणसाला करण्यासारखे फारच थोडे उरते आणि उपदेशकाची त्यामुळे पंचाईत होते.

साधनेच्या पायऱ्या मोजत वर जायची आपल्याला सवय. त्याच सवयीने पेरणाऱ्याचा दाखलाही प्रवचनांत प्रगतिपुस्तक होऊन बसतो: वाट, खडकाळ जागा, काटेरी झुडपे, चांगली जमीन, सांगा, तुम्ही कुठली? दाखल्यातल्या प्रत्येक वस्तूला गूढ अर्थ चिकटवण्याची रीत तर फार जुनी. त्याविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आडोल्फ यूलिशरने दाखल्यामागे एकच मुद्दा असतो असे ठासून सांगितले. १९३५ साली सी. एच. डॉड यांनी दाखले देवाच्या राज्याच्या घोषणेशी जोडले. पुढे योआखिम येरेमियास यांनी लक्ष वेधले, की पॅलेस्टाईनमध्ये आधी पेरून मग नांगरत. तेव्हा वाटेवर पडलेले बी हा पेरणाऱ्याचा गलथानपणा नव्हे. हे सर्वांनाच पटलेले नाही. मला ते पटते, कारण तिथून नजर जमिनीच्या प्रतवारीवरून उठते आणि तीसपट, साठपट, शंभरपट पिकावर जाते.

गव्हातल्या निदणाचा दाखला याहून कडक. पॅलेस्टाईनच्या शेतांत उगवणारे ते विषारी तण कोवळे असताना हुबेहूब गव्हासारखे दिसते. ओंब्या आल्यावर फरक कळतो, पण तोवर मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. चाकर उपटायला निघतात. मालक म्हणतो, कापणीपर्यंत राहू द्या. चर्च फक्त शुद्धांचेच असावे म्हणणाऱ्या डोनेटिस्टांशी वाद घालताना ऑगस्टीनने याच दाखल्याचा आधार घेतला: चर्चमध्ये बरेवाईट एकत्रच नांदणार. त्याच ऑगस्टीनने पुढे मोठ्या मेजवानीच्या दाखल्यातून, लोकांना आग्रहाने आत आणण्याच्या आज्ञेवरून, डोनेटिस्टांवरच्या सरकारी सक्तीचे समर्थन केले. तण राहू देणे थोरामोठ्यांनाही जड जाते.

मत्तयच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्यात संध्याकाळी मजुरी वाटतात. शेवटच्या तासाभरासाठी आलेल्यांना आधी बोलावून एकेक दिनार दिला जातो. पहाटेपासून राबलेले रांगेत पाहत असतात. आपल्याला जास्त मिळेल या आशेने हात पुढे करतात आणि त्यांच्याही हातावर एकच दिनार पडतो. ठरल्याप्रमाणे पुरता. त्यांची कुरकूर दुसऱ्यांना मिळालेल्या मजुरीबद्दल आहे. मंदिरात आपल्या उपासांचा आणि दशांशाचा पाढा वाचणारा परूशी, उधळा धाकटा भाऊ घरी परतल्यावर आपल्या चाकरीची वर्षे बोलून दाखवणारा थोरला भाऊ, हे त्यांचेच सोबती. दाखल्यांत वाढ खुंटते ती बहुधा अशा हिशेबी माणसांची.

मग तालन्तांचा दाखला? तिथे तर धनी तिघा चाकरांकडे सोपवलेल्या पैशांचा हिशेबच मागतो. एक तालन्त म्हणजे मजुराची सुमारे वीस वर्षांची कमाई. ती तिसरा चाकर जमिनीत पुरतो. त्याच्या तोंडचे कारण बघावे: धनी कठोर आहे, म्हणून भ्यालो. पहिल्या दोघांना अशी भीती पडलेली दिसत नाही. तरी त्याला झालेली शिक्षा मला अजून गळी उतरत नाही, आणि ती सौम्य करून सांगणारी प्रवचने तर मुळीच पटत नाहीत.

लूकच्या तेराव्या अध्यायात मात्र कष्ट आहेत. अंजिराला तीन वर्षे फळ नाही. मालक तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो: भोवती खणतो, खत घालतो, मग बघा. सगळी मेहनत माळ्याच्या अंगावर. झाडाने काय करावे, याबद्दल अक्षर नाही. मालक हो म्हणाला की नाही, हे लूक सांगत नाही. पुढे थोरला भाऊ धाकट्यासाठीच्या मेजवानीला आत गेला की नाही, हेही नाही.