हिंवाळ्यांतला पोहण्याचा तलाव

पोहण्याचा तलाव म्हटला कीं उन्हाळा डोळ्यांपुढें येतो. परंतु कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं, मुंबई-पुण्याच्या कुटुंबांनीं जीं फार्महाऊसें बांधिलीं आहेत, त्यांच्या अंगणांतील तलावांची खरी परीक्षा हिंवाळ्यांतच होते. मे महिन्यांत पाणी बिघडूं लागलें तर दोन-तीन दिवसांत हिरवें होऊन तें स्वतःच तक्रार करतें. डिसेंबरांत तें बिघडत असतांही आरशासारखें स्वच्छ दिसतें. आणि त्या स्वच्छतेला भुलून पंप बंद केला जातो.

युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत हा प्रश्न सोपा आहे. तेथें पाणी गोठतें. म्हणून हंगाम संपतांच नळांतील पाणी काढून टाकावयाचें, तलावावर जाड आच्छादन ताणावयाचें आणि वसंत ऋतूपर्यंत तिकडे फिरकावयाचें नाहीं, अशी रीत आहे. परदेशी यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांत हीच रीत छापलेली असते, आणि ती येथें जशीच्या तशी उचलली कीं घोटाळा होतो. कर्जतच्या हिंवाळ्यांत दुपारीं पारा तिसाच्या आसपास असतो, तर पुष्कळदां पहाटे तो पंधराच्याही खालीं उतरतो. समुद्राची ऊब इतक्या आंत पोंचत नाहीं. निरभ्र आकाशाखालीं जमीन रात्रभर उष्णता सोडीत राहते, आणि डोंगरउतारांवरची गार हवा खालीं येऊन सखल जागीं सांचते. तलावाचें पाणी या दोन टोकांच्या मध्यें, वीस-बावीस अंशांच्या आसपास रेंगाळतें. पोहणाऱ्याच्या अंगाला तें बोचतें, पण शेवाळाला तें मारक नव्हे. शेवाळाची वाढ मंदावते, थांबत नाहीं.

शिवाय ऊनही जात नाहीं. २१ डिसेंबरच्या मध्यान्हीं कर्जतला सूर्य क्षितिजापासून सुमारें ४८ अंश वर असतो. लंडनला त्याच दिवशीं तो जेमतेम १५ अंश चढतो. पाण्यांतील जंतुनाशक क्लोरीनचा मोठा शत्रु हें ऊनच होय. पाण्यांत सायन्यूरिक आम्ल हें संरक्षक द्रव्य नसेल, तर कडक उन्हांत तासाभराच्या आंत निम्मा क्लोरीन नाहींसा होतो. हें आम्ल लिटरमागें ३० ते ५० मिलिग्रॅम असावें. अधिक झालें तर तें क्लोरीनलाच जखडून टाकतें, आणि पाणी बदलल्यावांचून कमी होत नाहीं. तरंगत्या डबींतून सोडावयाच्या बहुतेक गोळ्यांत तें आधींच मिसळलेलें असतें. वर्षानुवर्षें केवळ त्या गोळ्यांवर विसंबणाऱ्या मालकाला 'औषध घालूनही पाणी हिरवें कां?' हें कोडें पडतें, त्याचें उत्तर येथें आहे.

हिशेबासाठीं ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा तलाव घेऊं. त्यांत ४०,००० लिटर पाणी मावतें. लिटरमागें २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यावयाचा तर ८० ग्रॅम लागतो. ताज्या ब्लीचिंग पावडरींत कामाचा क्लोरीन साधारण एक-तृतीयांश असतो; म्हणजे पाव किलो पावडर पुरे. ती बादलीभर पाण्यांत कालवावी, चुना तळाशीं बसूं द्यावा आणि वरची निवळी सूर्यास्तानंतर तलावांत ओतावी, म्हणजे रात्रभर तिला उन्हाची बाधा नाहीं. पावडर पाण्यांत टाकावी, पावडरीवर पाणी ओतूं नये. आणि आम्लाच्या डब्याशेजारीं तर ती कधींच ठेवूं नये, कारण दोहोंची गांठ पडली कीं विषारी वायु सुटतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाण्यांत लिटरमागें १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, आणि सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान असावा. गुलाबी रंग दाखविणारी तपासणीची लहान पेटी बाजारांत मिळते. राखणदारास ती वापरावयास शिकविणें, हें कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षां अधिक फायद्याचें.

पंपाचा हिशेबही असाच सरळ आहे. तासाला १०,००० लिटर पाणी गाळणींतून फिरविणारा पंप हा तलाव चार तासांत एकदां फिरवितो. उन्हाळ्यांत दोन फेऱ्या लागतात; डिसेंबर-जानेवारींत एक चालते. पण ती रोज हवी. आठवडाभर पंप बंद ठेवावयाचा आणि पाहुणे येण्याआधीं शनिवारीं दहा तास चालवावयाचा, ही पद्धत फार रूढ आहे व तितकीच चुकीची आहे. पाणी निश्चल राहिलें कीं पायऱ्यांच्या कोपऱ्यांत आणि शिडीच्या मागें बुळबुळीत थर धरतो, आणि त्याच्या आड शेवाळ सुरक्षित राहतें. हा थर आठवड्यांतून एकदां ब्रशानें घांसूनच काढावा लागतो.

याच दिवसांत साग पानें गाळूं लागतो. सागाचें एक पान पाणी ओढून घेणाऱ्या जाळीचें तोंड बंद करावयास पुरेसें असतें. तें पाण्यांत कुजलें तर पाण्याला चहासारखा रंग येतो आणि क्लोरीन त्याच्यावरच खर्ची पडतो. पुढें राब भाजण्याचे दिवस आले कीं हवेंतून राख येते, आणि राख म्हणजे शेवाळाला आयतें खत.

पाणी तापविण्याची हौस अनेकांना असते. ४०,००० लिटर पाणी एक अंश तापवावयास सुमारें ४६ युनिट वीज लागते. सहा अंशांना पावणेतीनशेंच्या वर. उष्णता-पंपानें हा खर्च चौथ्या-पांचव्या हिश्शावर येतो खरा, पण उघड्या तलावांतून ती उष्णता रात्रींतून पळून जाते. ती मुख्यतः बाष्पीभवनानें जाते. या तलावावरून एक मिलिमीटर पाणी उडालें तर ३२ लिटर पाणी गेलें, आणि उरलेलें जवळजवळ अर्धा अंश गार झालें. रात्रीं घालावयाचें साधें तरंगतें आच्छादन उष्णता, पाणी आणि सागाचीं पानें, या तिन्ही बाबतींत उपयोगी पडतें. मात्र त्यावर मूल पडलें तर तें पाण्यांत गुंडाळलें जाईल. म्हणून आच्छादन असो वा नसो, कुंपण आणि कुलूप हवेंच.

आळसाची किंमत केवळ मालकच भरतो असें नाहीं. क्लोरीन संपलेल्या निश्चल पाण्यांत डांस अंडीं घालतात, आणि अंड्यापासून उडत्या डांसापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत, थंडींत थोड्या अधिक दिवसांत, पुरा होतो. ज्याला हिंवाळाभर येणेंच शक्य नाहीं, त्यानें क्लोरीन सोडून देऊन गप्पी मासे सोडावे. दोन्ही एकत्र नांदत नाहींत.

दुसरी किंमत पाण्याची. १९१५ सालीं खोपोलीला आणि १९२२ सालीं भिवपुरीला सुरू झालेल्या टाटांच्या वीजघरांतून सुटणाऱ्या पाण्यामुळें पाताळगंगा आणि उल्हास या नद्या उन्हाळ्यांतही वाहतात. परंतु नदीपासून दूर, डोंगरउतारांवरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांच्या विहिरी मार्चनंतर तळ गांठूं लागतात. नेमका त्याच सुमारास दुर्लक्षिलेला तलाव हिरवा होतो आणि तो उपसून बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यानें पुन्हां भरला जातो. सरकारच्या जलजीवन योजनेनें खेड्यांतील माणशीं दररोज ५५ लिटर हें प्रमाण धरलें आहे. त्या प्रमाणानें ४०,००० लिटर म्हणजे पांच माणसांच्या कुटुंबाचें सुमारें १४५ दिवसांचें पाणी.

हिरवा झालेला तलावही बहुधा उपसावा लागत नाहीं. सामू ठीक करून क्लोरीन लिटरमागें १० मिलिग्रॅमपर्यंत चढवावा, उन्हानें व शेवाळानें तो घटेल तसतसा पुन्हां भरावा, भिंती घांसाव्या, आणि पंप रात्रंदिवस चालूं ठेवावा. वाळूच्या गाळणीवरचा दाब चढला कीं पाणी उलटें सोडून ती धुवावी. तीन-चार दिवसांत हिरवें पाणी प्रथम राखी, मग दुधी आणि शेवटीं निवळ होतें. तळाची फरशी स्पष्ट दिसेपर्यंत आणि क्लोरीन ३ मिलिग्रॅमच्या खालीं येईपर्यंत कोणीं उतरूं नये. गाळणी धुतलेलें पाणी उघड्या टाकींत दोन दिवस उन्हांत ठेवलें, तर तें आंब्या-चिकूच्या आळ्यांत सोडतां येतें.