हिऱ्यांचा खजिना आणि औषधांचे कोठार

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू नोव्हेंबर २०२५ मध्ये बोत्स्वानाच्या दौऱ्यावर गेल्या असता मोकोलोडीच्या राखीव रानात भारताच्या हवाली झालेल्या आठ चित्त्यांचे आपल्याकडे इतके कौतुक झाले, की त्याच दौऱ्यात त्या देशाच्या विनंतीवरून एचआयव्हीवरील औषधे पाठवण्याचे भारताने मान्य केले, ही वार्ता बहुतेक वाचकांच्या नजरेतून निसटली असावी. वस्तुतः विचार करण्याजोगी वार्ता तीच होती. आफ्रिका खंडातील सुशासनाचा वस्तुपाठ म्हणून ज्या राज्याकडे आजवर बोट दाखवले गेले, 'ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल'च्या २०२४ च्या भ्रष्टाचारविषयक क्रमवारीत ज्याचे स्थान ४३ वे आणि आपले ९६ वे आहे, आणि ज्वानेंगसारखी अमोल हिऱ्यांची खाण ज्याच्या पदरी आहे, त्या राज्याचे औषधांचे कोठार रिकामे का पडावे?

लोकसंख्या जेमतेम २५ लाख, म्हणजे पुणे शहराहूनही कमी, आणि विस्तार महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, असा हा बहुतांशी कलहारीच्या वाळूने व्यापलेला मुलूख ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा तेथे १२ किलोमीटर डांबरी सडक आणि २२ पदवीधर होते. आणि इंग्रजांची बेपर्वाई अशी, की या मुलखाचे दप्तर स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षापर्यंत त्याच्या हद्दीतच नव्हते, ते दक्षिण आफ्रिकेतील माफेकिंग येथे असे. ओरापाला हिरे सापडले ते पुढल्याच वर्षी, १९६७ मध्ये, आणि तेही पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या बामांग्वातो जमातीच्या भूमीत; परंतु त्याच वर्षी कायदा करून भूगर्भातील संपत्तीवरचा जमातींचा हक्क त्यांनी राज्याकडे घेतला, आणि स्वकीयांच्या घरात जाऊ शकणारे उत्पन्न सर्व रयतेच्या खजिन्यात वळवले. डी बिअर्स या हिरेकंपनीबरोबरच्या संयुक्त कंपनीत (आताच्या डेब्स्वानात) राज्याचा वाटा आरंभी अवघा १५ टक्के होता, तो १९७५ मध्ये वाटाघाटींनी निम्म्यावर नेण्यात आला. पुढील तीन दशके या देशाची आर्थिक वाढ वर्षाला सरासरी ७ टक्क्यांहून अधिक वेगाने झाली. त्याच भागातील अंगोलात याच खड्यांवर यादवी युद्ध पोसले जात होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या कारभाराची थोरवी कळते. ती नाकारण्याचे कारण नाही.

या थोरवीचे मूळ कशात, याचे उत्तर देणाऱ्यांत डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन हे तिघे अर्थशास्त्रज्ञ अग्रणी होत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा आशय असा, की त्स्वाना जमातींमध्ये प्रमुखावर अंकुश ठेवणाऱ्या संस्था पूर्वापार होत्या आणि इंग्रजांनी दुर्लक्ष केल्यामुळेच त्या शाबूत राहिल्या. त्यांच्या मनात प्रामुख्याने होती ती 'क्गोट्ला': लाकडाचे खुंट अर्धवर्तुळात रोवून केलेला आडोसा, समोर मोकळे अंगण, तेथे टोपी उतरवून बसलेले ग्रामस्थ, आणि सर्वांचे ऐकून घेऊन अखेरीस बोलणारा प्रमुख. आपल्या गावच्या चावडीची आठवण व्हावी अशी ही संस्था. स्वातंत्र्यानंतरही मंत्री आपल्या योजना घेऊन या अंगणात येत आणि लोकांची टीका ऐकून घेत. या तिघांना १४ ऑक्टोबर २०२४ रोजी अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि सोळाच दिवसांनी बोत्स्वानाच्या मतदारांनी ५८ वर्षे राज्य केलेल्या पक्षाला घरी बसवले.

माझ्या मते या प्रकरणात नोबेलविजेत्यांहून अधिक ऐकण्याजोगा साक्षीदार म्हणजे केनेथ गुड. हा ऑस्ट्रेलियन प्राध्यापक बोत्स्वाना विद्यापीठात सुमारे पंधरा वर्षे राज्यशास्त्र शिकवत होता, आणि ज्या क्गोट्लाचे गोडवे परदेशी पाहुणे गात, तेथे स्त्रियांना आणि बसार्वा या कलहारीच्या आदिवासींना परंपरेने वाव नव्हता, याकडे बोट दाखवणाऱ्यांत तो होता. २००५ च्या आरंभी त्याने एका सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात असे प्रतिपादले, की येथे राष्ट्राध्यक्ष मुदतीपूर्वी पायउतार होतो, उपराष्ट्राध्यक्ष आपोआप गादीवर येतो, आणि नव्या धन्याची निवड मतदारांऐवजी जुना धनीच करतो. असा वारसाक्रम आफ्रिकेस आदर्श ठरू नये. (१९९८, २००८ आणि २०१८ या तिन्ही वेळी हेच घडले, आणि २००८ मध्ये गादीवर आलेले इयान खामा हे तर सेरेत्से यांचेच चिरंजीव.) सरकारने त्यास अनिष्ट परकीय ठरवले, कारण देण्याचे नाकारले, आणि न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला त्याच दिवशी, ३१ मे २००५ रोजी, त्याला हद्दपार केले. आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये निकाल गुड यांच्या बाजूने दिला. एका प्राध्यापकाच्या निबंधाने ज्या राज्याचे आसन डळमळते, त्याच्या सुशासनास गुणपत्रिका देणाऱ्या परीक्षकांनी ही नोंद कोणत्या रकान्यात केली, हे विचारावेसे वाटते.

तथापि न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३० ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षास ३० टक्क्यांच्या आसपास मते पडूनही ६१ पैकी केवळ ४ जागा मिळाल्या. ज्या मतदानपद्धतीने त्यास पूर्वी मतांच्या मानाने अधिक जागा दिल्या, तिनेच या वेळी ही गत केली. तरी राष्ट्राध्यक्ष मसीसी यांनी अंतिम निकाल लागण्यापूर्वीच पराभव मान्य केला. वडिलांच्या पक्षाविरुद्ध इयान खामा यांनी प्रचार केला, तीही एक कौटुंबिक शोकांतिकाच. दगडफेक नाही, लष्कर नाही, न्यायालयीन घोळ नाही. नवे राष्ट्राध्यक्ष डुमा बोको पेशाने वकील; त्यांच्या कारकीर्दीच्या आरंभीच, न्यायालयीन मनाईमुळे सुमारे तीन वर्षे शवागारात पडून असलेल्या एका वृद्ध बसार्वाच्या देहास कलहारीतील त्याच्या पूर्वजांच्या भूमीत दफनाची परवानगी मिळाली. कागदोपत्री कोणत्याही निर्देशांकात न बसणारी ही गोष्ट मला त्या सरकारचे सर्वोत्तम कृत्य वाटते.

पण बोको यांच्या हाती आलेला खजिना आटलेला होता. देशाच्या निर्यातीपैकी सुमारे चार पंचमांश उत्पन्न एकट्या हिऱ्यांचे, आणि हिऱ्यांची मागणी ढासळल्याने डेब्स्वाना कंपनीचे उत्पादन २०२३ मधील सुमारे अडीच कोटी कॅरटवरून २०२४ मध्ये १ कोटी ८० लाखांच्या आसपास उतरले. अर्थव्यवस्था सुमारे ३ टक्क्यांनी आकसली. काम मागणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक बेकार होते. या घसरणीत आपलाही हात आहे, हे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजारात बसणाऱ्यांस सांगावयास नको. बोत्स्वानाच्या खड्यांस पैलू पाडणारे सुरतच आता प्रयोगशाळेत हिरे पिकवते, आणि २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीस नजर केलेला साडेसात कॅरटचा हिरा खाणीतून आलेला नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोको सरकारने डी बिअर्सशी नवा करार केला. त्यान्वये डेब्स्वानाच्या मालापैकी स्वतः विकण्याचा राज्याचा वाटा ३० टक्क्यांवरून क्रमाक्रमाने निम्म्यापर्यंत जाईल आणि खाणींचे पट्टे २०५४ पर्यंत चालतील. सौदा वाईट नाही. मात्र वाढलेला वाटा ज्या मालाचा, त्या मालासच गिऱ्हाईक नाही.

राहिली औषधांची गोष्ट. प्रौढांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक लोक एचआयव्हीने ग्रासलेले असताना, राष्ट्राध्यक्ष मोगाए यांनी २००२ मध्ये मोफत औषधोपचाराची राष्ट्रीय योजना आफ्रिकेत प्रथम सुरू केली, आणि मातेकडून अर्भकास होणारा संसर्ग इतका खाली आणला, की जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची विशेष नोंद घेतली. त्याच देशात २५ ऑगस्ट २०२५ रोजी बोको यांना सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी पुकारावी लागली, २५ कोटी पुला तातडीने मंजूर करावे लागले आणि औषधांचे वाटप लष्कराच्या देखरेखीखाली द्यावे लागले. हिरे मंदावले, अमेरिकेची मदत आटली, हे खरेच. परंतु सरकारी औषधभांडाराच्या खरेदीत किमती पाच ते दहा पटींनी फुगतात, असे खुद्द राष्ट्राध्यक्षांनीच सांगितले, आणि ती फुगवटी काही हिऱ्यांच्या मंदीबरोबर जन्मास आलेली नसणार. उत्पन्न भरपूर होते तोवर ती खपून गेली, आणि क्रमवारी लावणाऱ्यांसही ती दिसली नाही. सुशासनाची पाहणी करण्यास राजधानी गॅबोरोनला जाणाऱ्यांनी पुढील खेपेस संसद आणि मध्यवर्ती बँक यांच्या आधी या भांडाराच्या खरेदीचे दप्तर मागवून पाहावे.